घामोळ्यावर काय लावायचं, त्याआधी काय काढायचं

माझा मुलगा सात महिन्यांचा होता तेव्हाचा मे महिना. डोंबिवलीतलं घर, खोली पश्चिमेला तोंड करून. दुपारी तो झोपेतून उठायचा तो मान गादीवर घासतच. एकदा झबलं काढून पाठीवरून हात फिरवला, तर रवा सांडल्यासारखं खरबरीत लागलं. पुढच्या चार दिवसांत आम्ही त्या पाठीवर बरंच काही लावलं. पहिल्या दिवशी पावडर, दुसऱ्या दिवशी उगाळलेलं चंदन, तिसऱ्या दिवशी खोबरेल, चौथ्या दिवशी मेडिकलमधून विचारून आणलेलं एक मलम. पाचव्या दिवशी पुळ्यांच्या टोकाला पू दिसू लागला आणि मी त्याला घेऊन डॉक्टरांकडे पळाले. त्यांनी पाठ पाहिली आणि पहिला प्रश्न विचारला, "हा झोपतो कशावर?"

मेणकापडावर. गादी ओली होऊ नये म्हणून खाली मेणकापड, वर एक पातळ दुपटं. त्यावर दिवसरात्र मिळून चौदा तास.

पुवासाठी एक औषध डॉक्टरांनी दिलं, बाकी सगळं बंद करायला सांगितलं. मेणकापड निघालं, पाठ उघडी राहू लागली आणि आठवड्याच्या आत पुन्हा मऊ झाली. तेव्हापासून आमच्या घरात घामोळ्याचा क्रम ठरलेला आहे: आधी काढायचं, मग गार करायचं, मग कोरडं ठेवायचं. लावायचं सगळ्यात शेवटी, तेही गरज उरली तर. पहिल्यांदाच आईबाबा झालेल्यांसाठी, आणि त्यातही ज्यांच्या मुलाची कातडी साबण बदलला तरी लाल होते अशांसाठी, तोच क्रम इथे सविस्तर सांगते.

हे होतं कशाने

आपल्या कातडीत घामाच्या वीस ते चाळीस लाख ग्रंथी असतात. बाळ जन्मतं तेव्हाच त्या सगळ्या अंगावर असतात, फक्त अंग एवढंसं असल्यामुळे दाटीवाटीने बसलेल्या असतात आणि त्यांच्या नळ्या अजून पक्क्या झालेल्या नसतात. घाम येऊन तो वाळला नाही, तर कातडीचा वरचा थर भिजून फुगतो आणि नळीचं तोंड मिटतं. मागून घाम येतच राहतो. बाहेर पडायला वाट नसल्याने तो आतल्या आत झिरपतो आणि तिथे दाह होतो. तीच ती बारीक पुळी. पुन्हा घाम आला की सुया टोचल्यासारखं होतं, म्हणून मूल उन्हातून आल्यावर किंवा रडून रडून तापल्यावर एकदम जास्त खाजवतं.

डॉक्टर याला मिलिएरिया म्हणतात. लॅटिन भाषेत मिलियम म्हणजे वरीसारखं बारीक धान्य. पाठीवर हात फिरवलेल्या कुणालाही हे नाव पटेल.

अगदी वरच्या थरात अडथळा असेल तर दवबिंदूसारखे स्वच्छ, पाणीदार फोड येतात. ते खाजत नाहीत, पुसता पुसता फुटतात आणि एक-दोन दिवसांत जातात. नवजात बाळाच्या कपाळावर, मानेवर ते पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात दिसतात. त्यासाठी काहीही करावं लागत नाही, फक्त बाळाला कमी गुंडाळायचं. खाजणारं, लाल, टोचणारं घामोळं जरा खोलवरच्या अडथळ्याचं असतं आणि या लेखाचा विषय तेच आहे.

यात नुसती उष्णता दोषी नसते, दमटपणाही तितकाच असतो. नागपूर-चंद्रपूरकडे पारा पंचेचाळीसवर जातो, पण हवा कोरडी असल्याने घाम आल्या आल्या उडून जातो. मुंबई, अलिबाग, रत्नागिरी, पणजी इथे चौतीस अंशांतही घाम अंगावर तसाच बसून राहतो. किनारपट्टीवरच्या घरांत घामोळं हा दरवर्षीचा पाहुणा असतो तो यामुळे. आणि थंडीतही ते येतं, बरं का. हीटर लावलेल्या खोलीत बाळाला तीन थर घातले की कातडीला तो मे महिनाच असतो. परदेशात पहिला हिवाळा काढणाऱ्या घरांनी हे लक्षात ठेवावं.

"अंगातली उष्णता बाहेर पडतेय, पडू दे, दाबू नकोस," असं आमच्या घरातही सांगितलं गेलं. त्यामागची काळजी खरी आहे. पण कातडीच्या बाजूने पाहिलं तर चित्र उलटं आहे: जो घाम बाहेर पडायला हवा होता तो आत अडकलाय. गार केल्याने काही दाबलं जात नाही, वाट मोकळी होते. आंब्याचंही तसंच. आंबा खाऊन घामोळं येत नाही. आंब्याचा चीक ओठांना, हनुवटीला लागला तर तिथे मात्र चट्टे उठू शकतात, म्हणून देठाकडचा भाग कापून, आंबा धुऊन, साल काढून द्यावा आणि तोंड पुसावं.

आधी नीट बघा

ट्यूबलाइटच्या उजेडात बघू नका. खिडकीशी न्या, सगळे कपडे काढा, बोटांच्या टोकांनी चाचपा. आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीवर लालपणा चित्रातल्यासारखा उठून दिसत नाही. कधी पुळ्या अंगाच्याच रंगाच्या असतात, कधी किंचित काळसर. डोळ्यांना कळण्याआधी हाताला कळतं.

घामोळं झाकलेल्या आणि घडीच्या जागी येतं: मानेच्या वळ्या, पाठ, छाती, काख, जांघ, कपाळावर टोपऱ्याची कड बसते तिथे. तळहात-तळपायावर येत नाही. मूल एरवी हसतं-खेळतं असतं, दूध पितं, ताप नसतो.

याच्याशी गल्लत होणारे बरेच आहेत. रात्री खाज खूप वाढत असेल, बोटांच्या बेचक्यांत पुळ्या असतील आणि घरात आणखी कुणी खाजवत असेल, तर खरजेचा संशय घ्या. तान्ह्या बाळाला ती तळहात-तळपायावरही येते. जांघेत लालभडक चट्टा आणि त्याच्याभोवती सुटे सुटे ठिपके असतील तर ती बुरशी असू शकते. कोरडे, खवले निघणारे, पुन्हा पुन्हा त्याच जागी येणारे चट्टे एक्झिमाचे असतात. लहान बाळात ते गालांवर जास्त, मोठ्या मुलात कोपराच्या आणि गुडघ्याच्या लवणीत. ताप, खोकला, लाल डोळे आणि चेहऱ्याकडून खाली उतरणारं पुरळ असेल तर गोवर. तापासोबत पाण्याचे फोड असतील तर कांजिण्या. तळहात, तळपाय आणि तोंडात फोड असतील तर तोही संसर्गाचाच आजार. यातलं काहीही वाटलं तर घरी प्रयोग करत बसू नका.

आणखी एक तपासणी शिकून ठेवा. काचेचा पारदर्शक ग्लास पुरळावर हलका दाबा. घामोळ्याचा लालपणा दाबल्यावर फिका पडतो. ठिपके जसेच्या तसे लाल-जांभळे राहिले तर त्याच क्षणी दवाखाना गाठा, रात्र असली तरी.

पहिला अर्धा तास

मूल कासावीस होऊन खाजवतंय, अशा वेळी एवढंच करा. सगळे कपडे, डायपर, गळ्यातलं-कमरेतलं काढा. पंख्याखाली, पण वारा थेट तोंडावर येणार नाही असं, सुती चादरीवर झोपवा किंवा बसवा. मलमलचा किंवा जुन्या धोतराचा तुकडा साध्या पाण्यात बुडवून पिळा आणि खाजणाऱ्या जागेवर दहा मिनिटं ठेवा. गरम झाला की पुन्हा बुडवा. घासू नका, फक्त टेकवा. मग ती जागा हवेवरच वाळू द्या.

बर्फ चोळू नका. आमच्या लहानपणी तो सर्रास चोळायचे, पण बाळाच्या कातडीला थेट बर्फाने इजा होते. कलिंगडाच्या सालीचा पांढरा भाग घासण्याची पद्धतही बऱ्याच घरांत आहे. गार वाटतं ते खरं, पण त्यातली साखर कातडीवर चिकट होऊन राहते आणि घासण्याने पुळ्या सोलल्या जातात. ओलं फडकं तेच काम विनासायास करतं.

पाजत असाल तर नेहमीपेक्षा जास्त वेळा पाजा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला उन्हाळ्यातही वरचं पाणी लागत नाही, आईच्या दुधातलं पाणी पुरतं. मोठ्या मुलाला पाणी, पातळ ताक, पन्हं, कोकम सरबत द्या. नखं त्याच दिवशी कापा. हातमोजे घालू नका, हात आणखी घामेजतात.

काय काय काढायचं

मेणकापडाचं सांगितलंच. शी-शूमुळे ते अगदीच टाळता येत नसेल तर कंबरेखालच्या भागापुरता छोटा तुकडा ठेवा, वर जाड सुती दुपट्याचे दोन थर, आणि पाठ-मान त्याच्या बाहेर. रेक्झिनचं आवरण असलेली गादी, फोमची उशी, गाडीतली बाळाची खुर्ची, अंगाला बांधायची पिशवी, सगळ्यांचा गुण तोच: बाळाची पाठ एखाद्या बंद पृष्ठभागाला चिकटते आणि घाम तिथेच राहतो. बाहेर जाताना पिशवी वापरावीच लागली तर दर अर्ध्या तासाने बाळाला काढून घ्या, पाठ पुसा.

नाजूक कातडीच्या मुलाला आजीच्या जुन्या लुगड्याचं दुपटं बाजारातल्या कुठल्याही महागड्या ब्लँकेटपेक्षा चांगलं. शेकडो धुण्यांनी ते मऊ झालेलं असतं, खळ गेलेली असते आणि त्यातून वारा जातो. लुगड्याची झोळीही चालेल, पण बाळ त्यात खोल बुडून दोन्ही बाजूंनी कापड अंगाला लपेटलं जात नाही ना, हे बघा. दुपारच्या वेळी झोळीपेक्षा जमिनीवरची सतरंजी आणि सुती चादर जास्त गार.

बाळाला घट्ट बांधून ठेवायची आपली पद्धत उन्हाळ्यात सोडून द्यावी लागते. टोपरं घरात नको. बाळाच्या अंगातली बरीच उष्णता डोक्यावाटे जाते, तो रस्ता उघडा हवा. एक सैल, बिनबाह्यांचं सुती झबलं आणि लंगोट पुरे, दुपारी नुसता लंगोटही चालेल. दिवसातून निदान तीन-चार वेळा अर्धा अर्धा तास डायपरशिवाय ठेवा.

करदोटा, गळ्यातला काळा दोरा, ताईत, मनगटातल्या मण्यांच्या मनगट्या. या गोष्टींशी घरातल्यांच्या भावना जोडलेल्या असतात, हे मला माहीत आहे. माझ्या मुलाच्या कमरेभोवती घामोळ्याची एक रेघच उठली होती, बरोबर करदोट्याखाली. सासूबाईंना मी ती रेघ दाखवली. त्या क्षणभर बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "काढ गं. पावसाळ्यात घालू परत." दोरा काढून देवापाशी ठेवला. तुमच्या घरातही समजावण्यापेक्षा दाखवणं सोपं जाईल.

लग्नसराईत जाळीदार, खडी लावलेले, आतून नायलॉनचं अस्तर असलेले फ्रॉक आणि चकचकीत शेरवान्या येतात. घालायचेच असतील तर आत सुती बनियन, फोटो झाला की लगेच बदल. शाळेत जाणाऱ्या मुलांचा गणवेश बहुधा टेरिकॉटचा असतो. त्यालाही आत पातळ सुती बनियन हवा आणि घरी आल्याबरोबर कपडे बदलायचे. दप्तराच्या पट्ट्यांखाली आणि पाठीच्या मधोमध घामोळं आलं तर कारण शोधायला लांब जावं लागत नाही.

कपडे धुण्याचंही थोडं. नवा कपडा धुतल्याशिवाय घालू नका. साबणाचा अंश राहू नये म्हणून दोनदा खळबळा. सुगंधी सॉफ्टनर आणि जंतुनाशकाचे थेंब दोन्ही नकोत, नाजूक कातडीला त्यांचा त्रास घामोळ्यापेक्षा जास्त होतो.

खोली

या बाबतीत आमच्याकडून एक चूक झाली, ती तुम्ही टाळा. अकोल्याच्या नातेवाइकांकडे कूलरने खोली कशी गारेगार होते हे पाहून आम्हीही डोंबिवलीत कूलर आणला. दोन दिवसांत चादरी दमट, भिंती दमट, आणि बाळाची मान आधीपेक्षा लाल. कूलर पाण्याची वाफ करून हवा गार करतो. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत, खिडकी उघडी ठेवून, तो उत्तम चालतो, तीच गोष्ट वाळ्याच्या पडद्यांची. पण जिथे हवेत आधीच ओलावा भरलाय तिथे तो घाम वाळूच देत नाही. किनारपट्टीवर पंखा आणि आरपार वारा हा पहिला उपाय. दुपारी पश्चिमेच्या खिडकीवर जाड पडदा, संध्याकाळी सूर्य कलला की सगळ्या खिडक्या उघड्या.

एसी असेल तर चोवीस ते सव्वीस अंश पुरे. तो हवेतला ओलावाही काढतो, म्हणून घामोळ्याला त्याचा उपयोग लवकर दिसतो. सगळा दिवस लावणं परवडत नसेल तर दुपारच्या झोपेचे दोन तास आणि रात्रीचा पहिला प्रहर एवढा वेळ लावा. दिवसातले काही तास जरी कातडी पूर्ण कोरडी राहिली तरी पुळ्या बसायला लागतात.

बाळाला गरम होतंय की नाही हे हातपाय बघून कळत नाही. तान्ह्या बाळाचे हातपाय एरवीही गारच लागतात, आणि ते बघून आज्या आणखी एक दुपटं घालतात. मानेच्या मागे, झबल्याच्या आत दोन बोटं घाला. तिथे ओलसर लागलं तर एक थर कमी करायचा.

बाळंतिणीच्या खोलीतली शेकशेगडी आणि ओव्या-बाळंतशेपाची धुरी उन्हाळ्यात बाळाला सोसत नाही. बंद खोलीतल्या निखाऱ्यांचा धूर आणि वायू छोट्या फुप्फुसांना घातक आहेच, वर खोली तापून घामोळं वाढतं. शेक घ्यायचाच असेल तर आईने दुसऱ्या खोलीत, खिडकी उघडी ठेवून, गरम पाण्याच्या पिशवीने घ्यावा.

आंघोळ आणि मालीश

दिवसातून दोनदा आंघोळ चालेल, दोन्ही वेळा छोटी, पाच-सात मिनिटांची. पाणी कोमटाहून किंचित गार. आपल्याकडे बाळाला लालबुंद होईपर्यंत कढत पाण्याने न्हाऊ घालतात आणि मग ते छान झोपतं म्हणतात. घामोळं असताना त्या कढत पाण्याने दाह वाढतो. साबण फक्त काख, जांघ आणि शीच्या जागेला, बिनवासाचा, सौम्य. पुळ्यांना नुसतं पाणी. डाळीचं पीठ, मसूरडाळ, उटणं काही दिवस डब्यातच राहू द्या, त्यांचे कण खरखरीत असतात. पाण्यात जंतुनाशक द्रवाचं झाकण ओतायची सवय असेल तर ती कायमचीच सोडा, त्याने कातडी कोरडी पडते आणि चुरचुरते.

मग टिपायचं, पुसायचं नाही. मानेच्या वळीत, काखेत, कानामागे, मांडीच्या घडीत पाणी राहतं. बोटाने वळी अलगद उघडून मऊ कापड टेकवा आणि दोन मिनिटं तशीच वारा लागू द्या. तब्येतदार बाळांची मान या एका गोष्टीने सुधारते.

आता मालीश. ती बंद करा म्हटलं की घरात वाद होतो. आमच्याकडे येणाऱ्या मावशी तीस वर्षं हे काम करत होत्या. त्या म्हणाल्या, "ताई, तेल जिरलं नाही तर हाडं कशी बळकट व्हायची?" मी त्यांना अडवलं नाही. एवढंच ठरवलं की घामोळं आहे तिथे तेल लागणार नाही. पाठ-मान सोडून हातापायांना अगदी थोडं, आंघोळीआधी, आणि धुताना ते पूर्ण निघालं पाहिजे. टाळू भरणंही तेवढे दिवस थांबलं, कारण तिथलं तेल ओघळून कपाळावर आणि मानेवर यायचं. तेलाचा थर भिजलेल्या कातडीवर झाकणासारखा बसतो. नाजूक कातडीला मोहरीचं तेल तर एरवीही नको, ते झोंबतं आणि कातडीचं संरक्षक कवच कमजोर करतं. आठवडाभरानंतर पाठ स्वच्छ झाल्यावर मावशींनी स्वतःच तेलाची वाटी अर्धी केली.

आता लावायचं काय

वरचं सगळं तीन दिवस केलं की बहुतेक मुलांना काही लावावं लागत नाही. खाज तरीही झोप मोडत असेल तर कॅलामाइन लोशन. बाटली हलवा, कापसाने पातळ थर टेकवा, वाळू द्या. दिवसातून दोनदा, आणि दुसऱ्या वेळी आधीचा थर धुऊनच. फुटलेल्या पुळीवर, डोळ्यांजवळ, तोंडाजवळ आणि हात तोंडात जातात तिथे नको. सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर डॉक्टरांना विचारूनच. नाजूक कातडीवर कुठलीही नवी गोष्ट आधी हाताच्या आतल्या बाजूला रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत लावून एक दिवस वाट बघा.

पावडर नको. घामाने तिचे गोळे होतात, वळीत अडकतात, बंद झालेलं तोंड आणखी बंद होतं. तिचे कण श्वासातून आत गेले तर बाळाला गंभीर त्रास होऊ शकतो. घामोळ्याच्या खास पावडरी मोठ्यांसाठी असतात. त्यांत मेंथॉल, काहींत बोरिक आम्ल किंवा सॅलिसिलिक आम्ल असतं आणि ही द्रव्यं तान्ह्या मुलांसाठी सुरक्षित नाहीत. गार वाटावं म्हणून कापूर घातलेलं तेल लावणारी घरं आहेत. कापूर लहान मुलांना विषासारखा आहे, त्याने झटके येऊ शकतात. तो अंगाला लावू नका, हाताला लागेल असा ठेवूही नका.

कडुनिंबाच्या पानांचं पाणी पुष्कळजण वापरतात. धडधाकट कातडीला ते सोसतं, पण एक्झिमा असलेल्या मुलाला चुरचुरू शकतं. पोटात मात्र कडुनिंबाचं तेल एक थेंबही जाता कामा नये. मुलतानी माती वाळते तेव्हा कातडी ओढते. चंदनाचं म्हणाल तर सहाणेवर उगाळलेलं खरं चंदन दुर्मीळ झालंय, आणि बाजारातल्या चंदन पावडरींत सुगंधी द्रव्यं असतात.

सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे ते मेडिकलमधल्या मलमाबद्दल. "खाज आहे का? हे लावा, दोन दिवसांत जाईल," असं म्हणून जी ट्यूब हातात ठेवली जाते तिच्यात बहुधा तीव्र स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि प्रतिजैविक एकत्र असतं. दोन दिवसांत लाली जाते खरी. पण लहान मुलाची कातडी पातळ असते, स्टिरॉइड आत जास्त शोषलं जातं, कातडी आणखी पातळ आणि पांढुरकी होते, संसर्ग झाकला जातो आणि थांबवल्यावर दुप्पट उसळतो. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा १४ स्टिरॉइड मलमांची बिनचिठ्ठी विक्री बंद केली. तरीही ती मागितली की मिळतात. मागू नका. सौम्य स्टिरॉइडची गरज कधी कधी असते, पण कोणतं, किती आणि किती दिवस, हे डॉक्टरांनी ठरवायचं. खाजेची गोड औषधंही स्वतःहून पाजू नका, त्यांतल्या जुन्या प्रकारच्या औषधांनी बाळ गुंगीत जातं.

एक्झिमाही असेल तर

हे जरा अवघड जागेचं दुखणं आहे. एक्झिमाच्या कातडीला ओलावा हवा, जाड मलम हवं. घामोळ्याला नेमकं तेच नको. शिवाय घामातल्या क्षाराने एक्झिमाचे चट्टे चरचरतात. आम्ही मुलाच्या अंगाचे दोन नकाशे मनात ठेवले. कोपर-गुडघ्याच्या लवणी आणि गाल कोरडे, तिथे रोजचं मॉइश्चरायझर चालू. पाठ, मान, छाती घामोळ्याच्या जागा, तिथे काही नाही. उन्हाळ्यात डॉक्टरांना विचारून जाड मलमाऐवजी पातळ लोशन घेतलं आणि ते आंघोळीनंतर, खोली गार असताना लावलं. एक्झिमाचं चालू औषध घामोळं आलं म्हणून मनाने थांबवू नका. घाम आला की साध्या पाण्याच्या ओल्या फडक्याने टिपायचं, दिवसातून कितीही वेळा. सुगंधी वेट वाइप्सने नाही.

डॉक्टरांकडे कधी

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ अंश फॅरनहाइट किंवा जास्त ताप असेल तर पुरळ कसंही असो, लगेच. कुठल्याही वयात पुळ्यांत पू, मधासारखी पिवळी खपली, पसरत जाणारा तापलेला लालपणा, हात लावला की दुखणं, काखेत-मानेत गाठी. मूल मलूल आहे, दूध ओढत नाही, लघवी नेहमीपेक्षा बरीच कमी झालीय. तीन-चार दिवस सगळं नीट करूनही काडीचा फरक नाही. आणि अंगभर घामोळं असलेलं मूल उन्हात तापलंय पण घाम येत नाहीये: हे विशेष लक्षात ठेवा, कारण बंद नळ्यांमुळे अंग गार करायची सोयच गेलेली असते. अशा मुलाला ताबडतोब सावलीत आणून, अंग ओलं करून, वारा घालत दवाखान्यात न्या.

उतरल्यानंतरचे पंधरा दिवस

पुळ्या दिसेनाशा झाल्या म्हणजे नळ्या उघडल्या असं नाही. बंद तोंडावरचा थर झडून नवा यायला दोन-तीन आठवडेही लागतात, तोवर त्या जागी घाम नीट येत नाही. आमची घाई इथेच नडली: पाठ मऊ झाली म्हणून मुलाला घेऊन भर दुपारी बसने मामाच्या गावाला गेलो आणि दोन दिवसांत पुन्हा सगळं पहिल्यासारखं. तेव्हा हे दिवस प्रवास, भर दुपारचं खेळणं आणि गर्दीचे समारंभ टाळा. कुठे कुठे काळसर किंवा फिकट ठिपके राहतात. ते आपोआप जातात, त्यावर काही लावू नका.

पहिल्या पावसात भिजलं की घामोळं जातं असं आपण सगळे ऐकत आलो. मुंबईत पाऊस साधारण ११ जूनच्या आसपास येतो, हवा एकदम उतरते, आणि खरंच पाठी मऊ होतात. श्रेय गारव्याचं. मोठ्या मुलाला खुशाल भिजू द्या, फक्त घरी आल्यावर साध्या पाण्याने अंघोळ आणि कोरडे कपडे. तान्ह्याला दारात उभं राहून पाऊस दाखवा. पुढे पावसाळ्यात कपडे नीट वाळत नाहीत. दमट झबलं अंगात घातलं की वळ्यांतलं घामोळं पुन्हा डोकं काढतं, म्हणून बाळाचे कपडे इस्त्री फिरवून, पूर्ण गार झाल्यावरच घाला. मग ऑक्टोबर येतो. मी सप्टेंबरअखेरीला मलमलचे सहा चौकोनी तुकडे धुऊन बाहेरच्या पिशवीत ठेवते, एका छोट्या पाण्याच्या बाटलीसोबत.